टोमॅटोतली तुळस

परवा टोमॅटोची रोपं आली. पाच ट्रे. एका ट्रेत अठ्ठ्याण्णव खण असतात. मी ट्रे ओट्यावर मांडून रिकामे खण मोजले, सात निघाले. टेम्पोवाला कंटाळून म्हणाला, "काका, सात रोपांसाठी काय मोजताय?" मी म्हणालो, "सातासाठी न्हाई. मोजायचं म्हणून मोजतोय." तो हसला आणि निघून गेला. मग एक रोप उचलून मी त्याचं पान दोन बोटांत चुरगाळलं आणि नाकाशी नेलं. आला. थोडा उशिरा, पाण्याखालून आल्यासारखा, पण आला.

टोमॅटोच्या पानाचा वास ज्यांनी घेतला आहे त्यांना तो सांगावा लागत नाही, आणि ज्यांनी घेतला नाही त्यांना सांगता येत नाही. हिरवा, कडवट, जरा धातूसारखा. रोपं लावून उठलं की हात काळपट हिरवे होतात, साबण लावला तर फेसही हिरवा येतो, आणि तरी वास बोटांच्या पेरांत राहतोच. मला आता पूर्वीच्या मानाने किती वास येतो असं कुणी विचारलं तर मी दहातले सात असं सांगतो. कधी साडेसहा. आठ अजून झालेले नाहीत.

रोपं लावायची जागा म्हणजे विहिरीजवळचा तीन गुंठ्यांचा तुकडा. बाकी रान उसाचं. कुंडलच्या बाजूला आमच्याकडे ऊस सोडून दुसरं काही लावलं की लोक आधी तब्येत विचारतात. या तुकड्यात टोमॅटोच्या आधीपासून तुळशी उभ्या आहेत. जुन्या, खोडं लाकडासारखी झालेल्या, काही कमरेपर्यंत वाढलेल्या. दरवर्षी त्यांच्या मधल्या जागेत टोमॅटो लावायचे. खरं तर टोमॅटो आधी आणि तुळस सोबतीला, असा बेत होता. आता तुळस कायमची आणि टोमॅटो पाहुणे. हे कसं झालं ते सांगायचं तर त्या एका हंगामाबद्दल लिहावं लागेल. तो हंगाम मला आठवतो, पण बाकीच्या हंगामांसारखा आठवत नाही. चित्रं सगळी नीट आहेत, आवाजही आहेत. पण मूक चित्रपटाला जसा आवाज नसतो, तसा त्या चार-पाच महिन्यांना वास नाही.

मनीषा, आमची एकुलती मुलगी, त्या वर्षी बाळंतपणाला घरी आली होती. तिचं सासर वाईचं, आणि नोकरी पाचगणीच्या एका निवासी शाळेत शिक्षिकेची. शाळेमागे भाजीची बाग आहे. एका दुपारी शेंगा सोलता सोलता ती तिच्या आईला, म्हणजे सुनंदाला, म्हणाली, "आई, आमच्या बागेत टोमॅटोच्या मधे मधे बेसिल लावतात. त्याच्या वासानं कीड फसते म्हणे."

"कसलं असतंय ते?"

"तुळशीच्याच जातीचं. पानं मोठी असतात. पोरांच्या पास्त्यात घालतात."

"मग आपल्या तुळशीला काय झालंय? घरची असताना लोकाची कशाला आणायची?"

मनीषा म्हणाली, अगं ती वेगळी, ही वेगळी. पण सुनंदाने एकदा 'घरची' म्हटलं की विषय संपतो. वृंदावनाभोवती पावसात तुळशीची रोपं आपोआप उगवतात. ती तिने काढली. मंजिऱ्या चुरून जुन्या डब्यांत बी टाकलं, त्याचीही रोपं केली. एकूण एकशे साठ झाली. तीन टोमॅटोंमागे एक तुळस असं प्रमाण मी काढून दिलं. कडेने झेंडू, पाण्याच्या पाइपाजवळ पुदिना, बांधावर गवती चहा आणि ओव्याची जाड पानं, मधल्या फटींत कोथिंबीर. मला तो आराखडा आवडला होता. कागदावर तो फार नीट दिसत होता.

लावणीच्या आधी मला ताप आला. साधाच वाटला. घरात दिवस भरत आलेली मुलगी होती म्हणून मी गोठ्याशेजारच्या खोलीत वेगळा राहिलो. ताप गेला, अंगदुखी गेली, आणि श्रावणातल्या एका सकाळी मी सुनंदाबरोबर रोपं लावायला उतरलो. लावून झाल्यावर विहिरीच्या कठड्याशी हात धुताना सवयीने बोटं नाकाशी नेली. काही नाही. पुन्हा नेली. एक पान तोडून चोळलं. काही नाही. तुळस चोळली. पुदिना चोळला. झेंडूचं पान, ज्याचा वास नको म्हटलं तरी येतो, ते चोळलं. हातात हिरवा लगदा झाला होता आणि तो ओला आहे एवढंच कळत होतं.

मी घाबरलो नाही. हेच मला नंतर विचित्र वाटलं. हातपाय सुन्न झाल्यावर माणूस टाचणी टोचून बघतो, तसं मी शांतपणे एकेक वस्तू हुंगत घरभर फिरलो. रॉकेलचा जुना डबा. हिंगाची डबी. कापूर. देवघरातली उदबत्ती. शेवटी माळ्यावरची आईची गोधडी काढली. आई जाऊन बरीच वर्षं झाली, पण त्या गोधडीत तिच्या तपकिरीचा वास अजून होता. वर्षातून एकदा ऊन द्यायला काढली की मी जरा वेळ ती हातात धरून उभा राहत असे. त्या दिवशी ती एक जड, शिवलेलं कापड होती. घडी घातली आणि परत ठेवली. वाईट वाटलं का? वाटायला हवं होतं, हे कळलं. तेवढंच.

*

टोमॅटो वाढले. बांबू रोवले, तारा ओढल्या, सुतळीने फांद्या बांधल्या, बेचक्यांत फुटणाऱ्या बगलफुटी काढल्या. तुळशीही वाढल्या. आणि मग तुळस नुसती झाड नाही, ती आपले नियम बरोबर घेऊन येते, हे आमच्या लक्षात आलं.

आधी आली शालन आक्का. ती आमच्याकडे रानातल्या कामाला येते, आणि त्या वर्षी मनीषाला आणि बाळाला न्हाऊ घालायचं कामही तिच्याकडेच होतं. खुरपं घेऊन आली आणि बांधावर चपला काढून अनवाणी आत शिरली. मी म्हणालो, "आक्का, काचा-बिचा असतील, चपला घाला."

"तुळशीत चपला घालून फिरू व्हय? तुमी फिरा, तुमचं शिक्षण झालंय."

ती चपला काढते म्हटल्यावर बरोबरच्या बायकांनीही काढल्या. मग त्यांतली एक चार दिवस आली नाही. विचारलं तर "अडचण हाय" म्हणून निरोप. दुसऱ्या आठवड्यात दुसरीची अडचण. उसात, भुईमुगात कुणाला कधी अडचण येत नव्हती. खुरपणीचं वेळापत्रक मी तीनदा बदललं आणि मग करणंच सोडून दिलं.

भाद्रपदात करपा आला. खालची पानं तपकिरी डाग पडून गळायला लागली. औषध मारायला तानाजीला बोलावलं. पाठीवर पंप घेऊन तो आला, बांधावर उभा राहिला आणि आत पाऊल टाकेना.

"भाऊ, ही तुळस न्हवं?"

"तुळसच."

"एवढी?"

"एकशे साठ."

"मग मला न्हाई जमायचं. तुळशीवर विष मारलं कळलं तर आमची म्हातारी मला उंबऱ्याच्या आत घ्यायची न्हाई. टोमॅटोला मारायचं आसंल तर टोमॅटोला बाहीर आणा, मी मारतो."

सुनंदा हसून खाली बसली. मी हसलो की नाही आठवत नाही. तिने लिंबोळीचा अर्क केला, ताक आंबवून मारलं, खालची पानं तोडून जाळली. झाडांचा खालचा तिसरा भाग उघडा पडला, वरचा वाचला. तुळशीमुळे अळी कमी आली असं ती आजही सांगते. मी सांगत नाही. तुलनेसाठी बिनतुळशीचा एक तुकडा आम्ही ठेवला नव्हता, त्यामुळे मला काही म्हणता येत नाही. ती म्हणते, "सगळ्याला काटा लावायचा नसतो." मी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर नोकरी करतो, त्यामुळे हे वाक्य मला लग्नापासून ऐकायची सवय आहे. काट्यावर जे दिसेल ते लिहायचं, दिसत नाही ते लिहायचं नाही, यापलीकडे मला फारसं काही शिकवलेलं नाही.

मधे एकदा तालुक्याला नाक-कान-घशाच्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, तापानंतर असं होतं. औषध असं नाही. सकाळ-संध्याकाळ चार उग्र वासाच्या वस्तू एकेक करून हुंगा, आणि हुंगताना तो वास आठवायचा प्रयत्न करा. येईल. कधी, ते सांगता येत नाही. येईलच असंही नाही.

सुनंदाने 'येईल' एवढंच ऐकलं. चार वस्तू तिने रानातूनच निवडल्या. तुळस, पुदिना, ओव्याचं पान, गवती चहा. रोज सकाळी मी बांधावर डोळे मिटून बसायचं आणि तिने एकेक पान चोळून माझ्या नाकाखाली धरायचं.

"आला का?"

"न्हाई."

"आता?"

"न्हाई."

"ह्यो?"

"पुदिना हाय. पण वास न्हाई आला, नाकाला गार लागलं म्हणून सांगतोय."

"मग आला म्हणा की तेवढं तरी."

"आला न्हाई तर कसं म्हणू?"

त्यातही तुळशीचे नियम होतेच. एकादशीला, द्वादशीला, रविवारी तुळस तोडायची नाही. त्या दिवशी तीनच वास. दिवेलागणीनंतर तर कधीच नाही, म्हणून संध्याकाळचं तुळशीचं पान ती दुपारीच खुडून ओल्या फडक्यात ठेवायची. देवासाठीची पानं मात्र दारातल्या वृंदावनातली, आणि आधी तोडलेली. कारण हुंगलेलं देवाला चालत नाही. हे एकदा ती मनीषाला समजावत होती तेव्हा शालन आक्का मधेच म्हणाली, "पर ह्यांनी हुंगलेलं चालंल की देवाला. ह्यांना वास येतोय कुठं? कोरंच पान ते!"

मनीषा इतकी हसली की मांडीवरचं बाळ दचकलं.

*

बाळ नारळी पौर्णिमेच्या आसपास झालं. मुलगी. तिच्याविषयी लिहायचं मी इतका वेळ टाळलं, पण तो हंगाम खरं तर तिचा होता.

बाळंतिणीच्या खोलीला जो वास असतो त्याची गोष्ट सगळे करत होते. ओव्याची आणि धुपाची धुरी, शेगडीतले निखारे, बाळंतशोपा, डिंकाचे लाडू, खोबरेल. येणारी प्रत्येक बाई दारातच थांबून लांब श्वास घेऊन म्हणायची, "आहाहा, बाळंतिणीचं घर." मग बाळाला उचलायची आणि तिच्या टाळूत नाक खुपसायची. पुरुषही तेच करत. माझा थोरला मेहुणा, एरवी भुवई न हलवणारा माणूस, पंचवीस वर्षं फौजेत काढलेला, त्याने बाळाच्या डोक्याचा वास घेतला आणि त्याचे डोळे भरले. माझ्याकडे बाळ आलं की मी तिला नीट धरत असे. मानेखाली हात, बुडाखाली हात. ती किती जड झाली ते मला दर आठवड्याला हातांवरच कळायचं आणि माझा अंदाज दवाखान्यातल्या काट्याशी फार चुकत नसे. तिचे डोळे, तिच्या मुठी, जांभई देताना जिभेचा होणारा द्रोण, सगळं दिसत होतं. पण ती माझ्या हातात असून काचेपलीकडे होती. कुणाचंही बाळ असतं तरी मी ते असंच नीट धरलं असतं. हे मी कुणाला बोललो नाही.

सोबतीच्या झाडांबद्दल मनीषाने फोनवर वाचून दाखवलं होतं, की पाखरं आणि माश्या झाड डोळ्यांपेक्षा वासाने शोधतात. टोमॅटोचा वास तुळशीच्या वासात हरवला की कीड पानावर येऊन बसते आणि तरी तिला पान सापडत नाही. दोन-चारदा उतरून बघते आणि उडून जाते. हे कितपत खरं ते मला माहीत नाही. पण संध्याकाळी ट्यूबलाइटखाली बाळाला मांडीवर घेऊन बसलो की मला ती माशी आठवायची. पानावर बसलेली, आणि पान शोधणारी.

शालन आक्का बाळाला न्हाऊ घालताना रोज बडबडायची. अंगाला तेल, हाताला वळण, नाकाला आकार, आणि शेवटी टाळू भरायची, कोमट खोबरेल तळव्यावर घेऊन हलकेच थापत. एकदा मी दारात उभा असताना ती न वळताच म्हणाली, "आजोबा, वास घ्या नातीचा. ह्यो वास लय दिस टिकत न्हाई. दात फुटलं की गेला. मग माणसाचा वास यायला लागतोय."

"मला येत नाही आक्का, माहीत आहे ना तुम्हाला."

"माझ्या ध्येनातच ऱ्हात न्हाई. दिसायला बरं दिसताय की."

ती तिच्या कामाला लागली. पण सुनंदाने ते ऐकलं होतं. त्या दिवसापासून बांधावरचं हुंगणं वेगळं झालं. आधी ती हसतखेळत करायची. आता पान चोळताना तिचे ओठ घट्ट मिटलेले असत. पौष लागायच्या आत मुलीला सासरी पोचवायचं ठरलं होतं, कारण पौषात पाठवणी करत नाहीत. म्हणजे मार्गशीर्ष संपेपर्यंत. तिने मनात एक मुदत धरली होती. दात, पाठवणी, आणि माझं नाक. मला ती मुदत दिसत होती. तिच्यासाठी वाईट वाटायला हवं, हेही दिसत होतं.

आमच्यात त्या काळात भांडण असं एकच झालं. तिने टोमॅटोचं सार केलं होतं, पहिल्या चांगल्या तोड्याचं, वरून तूप-जिऱ्याची फोडणी. तिने विचारलं, "कसं झालंय?" मी म्हणालो, "मीठ बरोबर आहे. आंबट आहे. गरम आहे." तिने वाटी माझ्यासमोरून उचलली आणि मोरीत ओतली.

"जनावर बी खाताना मान हलवतंय," ती म्हणाली.

मी खोटं बोललो नव्हतो. त्या वाटीत मला तेवढंच होतं. मनीषा पाळण्याची दोरी हलवत होती. थोड्या वेळाने सुनंदाने दुसरी वाटी भरून आणून ठेवली आणि मी ती संपवली.

दिवाळी झाली, कारखाना सुरू झाला. गाळपाच्या दिवसांत मळीचा वास मैलभर पसरतो आणि बाहेरचा माणूस नाकाला रुमाल लावतो. काट्यावरचे सहकारी म्हणायचे, "गड्या, तूच नशीबवान." मी ट्रॉल्यांची वजनं टिपत बसे. मळी नसलेला कारखाना, सार नसलेली वाटी, नात नसलेलं बाळ. एकेक वाक्य नीट लिहिता येतं, आकडा चुकत नाही, पण बेरीज होत नाही, असं काहीतरी.

कार्तिकात तुळशीचं लग्न लागलं. दारातल्या वृंदावनाला उसाचा मांडव, चिंचा, आवळे, चुरमुरे. तानाजी अक्षता घेऊन उभा होता. म्हणाला, "वहिनी, दारातल्या एकीचं लगीन लावलं. रानातल्या दीडशे जणींचं काय? का तशाच ठेवायच्या?"

"एकशे साठ," मी म्हणालो.

"बघा, बापाला बरोबर मोजमाप हाय," शालन आक्का म्हणाली.

सुनंदा खरंच उरलेल्या अक्षता घेऊन विहिरीकडे गेली आणि टोमॅटोच्या ओळींवर उधळून आली. दुसऱ्या दिवशी तोड्याला गेलो तर पिकलेल्या टोमॅटोंवर पिवळे तांदूळ चिकटलेले होते. त्यानंतर त्या तुकड्यात नांगर घालायची भाषा करणंच शक्य नव्हतं. लग्न झालेल्या तुळशीवर ट्रॅक्टर कोण घालणार? टोमॅटो संपल्यावर तिथे उसाची लागण करायची, असं मी आराखड्याच्या खाली लिहून ठेवलं होतं. ती ओळ तशीच राहिली.

*

मार्गशीर्षाच्या अखेरीला टोमॅटो सरत आले होते. झाडांच्या शेंड्याला लहान लहान फळं, खाली सगळ्या वाळक्या काड्या. तुळशी मात्र भरात होत्या. मनीषाला न्यायला जावई परवा येणार, असा फोन आला होता. सकाळी थंडी होती. मी बांधावर बसलो, डोळे मिटले. पुदिना: गार. ओवा: काही नाही. गवती चहा: काही नाही. मग सुनंदाने तुळस चोळली.

मी मान मागे घेतली.

"काय झालं?"

"थांब. परत दे."

तिने दुसरं पान चोळून धरलं. पुन्हा तेच. कुणीतरी टायर जाळतंय आणि त्यात सडका कांदा टाकलाय, असं काहीतरी. मी डोळे उघडून आजूबाजूला बघितलं. कुठे धूर नव्हता.

"घाण येतीय," मी म्हणालो.

"कशाला?"

"ह्याला. पानाला."

"तुळशीला?"

"जळक्या रबराची. लय घाण."

ज्या बाईने चार महिने या तुकड्यात चप्पल घातली नव्हती, तिला मी हे सांगत होतो. ती सावकाश बांधावर बसली आणि पदर तोंडाला लावला. मला वाटलं ती रडते आहे. मग कळलं की हसते आहे, आणि मग कळलं की दोन्ही.

"घाण तर घाण," ती म्हणाली. "आली न्हवं!" आणि उठून ओरडली, "आक्का! ह्यांना तुळशीची घाण आली!"

शालन आक्का ओळीतून कंबर सरळ करून उभी राहिली. तिने आधी जवळच्या तुळशीला हात जोडले. "काय बोलत्यात बघा. तुळशीबाईला घाण म्हंत्यात, आणि ही हासतीय."

घरभर बातमी झाली. मनीषाने डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, चांगलं लक्षण आहे, तारा जुळताना आधी अशा चुकीच्या जुळतात. सगळ्यांनी मला चहा दिला, हुंगायला सांगितलं. मी सांगितलं, जळकं रबर. सगळे टाळ्या वाजवल्यासारखे हसले. सुनंदाने त्या दिवशी गोड केलं.

मी मात्र दुपारी, घर आडवं झाल्यावर, पहिल्या दिवसासारखा पुन्हा एकेक वस्तू घेऊन फिरलो. साबण: जळकं रबर. फोडणीतला कांदा: तेच. हिंग: काही नाही. कोथिंबीर: तेच, जास्त. टोमॅटोचं पान: काही नाही. गोधडी काढली नाही. शेवटी बाळंतिणीच्या खोलीत खिडकीत ठेवलेली तेलाची वाटी उचलली. आक्का टाळू भरते ते खोबरेल, थंडीने वर पांढरी साय धरलेलं. बोटाने थोडं घेऊन नाकाशी नेलं.

जळकं रबर, आणि खाली सडका कांदा.

मी वाटी जागेवर ठेवली. बाळ पाळण्यात जागं होतं. माझ्याकडे बघून हसलं आणि तोंड उघडलं तेव्हा खालच्या हिरडीत पांढरी कणी दिसली. तांदळाएवढी. घाईची पोरगी.

जावई आले. पाठवणीच्या सकाळी न्हाऊ झालं, टाळू भरून झाली, काजळ-तीट झाली, कुंची घातली. ओटीचं सामान गाडीत गेलं. दारात सगळे उभे होते. मनीषाने कुंचीची नाडी सोडून ती मागे सारली आणि बाळाला माझ्यासमोर धरलं.

"बाबा, आता येतो ना तुम्हाला वास? घ्या. दात यायच्या आत घ्या."

सुनंदा उंबऱ्याशी उभी होती. चार महिने रोज सकाळी विचारताना असायचा तोच तिचा चेहरा होता. मी बाळाला घेतलं. मानेखाली हात, बुडाखाली हात. श्वास आत घेऊन छाती भरली आणि तो धरून ठेवला. मग वाकलो आणि तिच्या टाळूवर नाक टेकवलं. टाळू उडत होती, ते नाकाच्या शेंड्याला कळलं. ऊब कळली. तेलाचा ओलेपणा कळला. जेवढा वेळ श्वास धरवला तेवढा वेळ मी तसाच राहिलो आणि मग मान वर करून, बाजूला वळून सोडला.

"आला?" सुनंदाने विचारलं.

"आला."

"कसा आहे?" मनीषा म्हणाली.

मनीषा एवढीशी असताना तिच्या डोक्याला कसला वास यायचा, ते मला तेव्हा आठवत होतं असं मी नक्की सांगू शकत नाही.

"तुझ्यासारखा," मी म्हणालो, आणि बाळ तिच्या हातात परत दिलं.